गोड शेवट सांगणारा शेजारी

टीव्हीवर नायक-नायिकेचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं, आणि नेमकं तेव्हाच छतातून त्यांच्या डोक्यावर पाणी टपकलं.

आधी थेंब, मग धारच. आईनं टीव्हीवर टॉवेल टाकला, बाबांनी घरमालकाच्या नावानं खडे फोडले, आणि मी तावातावानं जिना चढले. वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आल्याचं ऐकलं होतं. दार उघडलं, तर तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात भिजलेल्या फुलांचा लगदा घेऊन उभा.

“गॅलरीतलं पावसाचं पाणी तुंबलं,” तो म्हणाला. “समोरच्या झाडाची फुलं... मला वाटलं, किती छान सडा पडलाय. झाडायला मनच होईना.”

“तुमचा छान सडा आमच्या टीव्हीवर गळतोय.”

“अरेरे. कोणता सिनेमा होता?”

भांडायला गेलेली मी सिनेमाची गोष्ट सांगत खाली आले, आणि माझ्यामागून तो, बादली-फडकं घेऊन. त्यानं फरशी पुसली, टीव्ही पुसला, आणि बाबांनी त्याला बसवूनच घेतलं. बाबांना जुना सिनेमा बघायला माणूस मिळाला, की ते वैरही विसरतात.

सिनेमा असा रंगला, असा रंगला... आणि बाबांनी टीव्ही बंद केला.

“अहो, संपला नाही अजून,” तो म्हणाला.

“आमच्यात एवढाच बघतात. चला, जेवायला.”

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ही आमच्या घरची जुनी रीत. लग्नानंतर आईबाबांनी थिएटरात पहिला सिनेमा पाहिला, तेव्हा शेवटाला आई इतकी रडली, की डोअरकीपरनं पाणी आणून दिलं, असं बाबा सांगतात. तेव्हापासून शेवट जवळ आला, की टीव्ही बंद. कोण कोणाला मिळालं, कोण गाडीत बसून गेलं, मला पत्ताच नाही. शाळेत मैत्रिणी शेवटावर बोलायला लागल्या, की मी पाणी प्यायला जायची.

आणि हा माणूस सिनेमाच्या तळाशी भाषांतराच्या ओळी लिहायचा. पोटापाण्यासाठीच शेवट बघायचा.

“सांगू?” जिन्यात त्यानं हळूच विचारलं.

मी मागे बघितलं. बाबा हात धूत होते. “सांगा...”

“तो परत येतो. नखशिखांत भिजलेला. ती दार उघडते आणि म्हणते — आधी पाय पूस.”

मी खळखळून हसले. तो नुसता बघत राहिला.

त्या वसंतात अवकाळी पाऊस हटायलाच तयार नव्हता. खोल्याखोल्यांतून दोऱ्या, दोऱ्यांवर ओले कपडे, आणि दर रविवारी त्या कपड्यांखालून वाकून तो सिनेमाला यायचा. मग जिन्यात शेवट. सगळे एकाहून एक गोड. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही.

मधल्या वारी, मी नोकरी करायची त्या चष्म्याच्या दुकानात तो उगवायचा.

“दांडी सैल झालीय.”

मी बघितलं. “दांडी घट्ट आहे.”

“मग मालक सैल झाला असेल.”

तरी मी त्याला बसवलं. दिवसभरात मी कितीतरी जणांच्या कानांमागे दांड्या बसवते. त्याच्या कानामागे मात्र बोटं जरा जास्तच रेंगाळली... त्याला ते कळलं, आणि त्याला कळलंय हे मलाही.

मग एका रविवारी, शेवट सांगून झाल्यावर तो म्हणाला, “पाऊस थांबला की मला जायचंय. दुसऱ्या शहरात काम आहे. महिनाभराचंच. लगेच परत येतो.”

महिना काय, असा निघून जाईल, म्हणून मी हसून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई आणि मी चादरींच्या घड्या घालत होतो. “कालच्या सिनेमात शेवटी तो बोटीवरून उडी मारून परत येतो ना,” मी बोलून गेले, “ते मला फार आवडलं.”

आईनं चादरीचं टोक तसंच धरून ठेवलं. “उडी? तो कसली उडी मारतोय. बोट जाते, ती किनाऱ्यावर राहते.”

“तुला काय माहीत?”

“दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतात की हे सिनेमे. तू दुकानात, तुझे बाबा ऑफिसात. सगळे शेवट बघितलेत मी.”

“पण तू रडतेस म्हणून तर बाबा...”

“मी?” आई हसू लागली. “ते पाणी कोणासाठी आणलं होतं, ते मला विचार. इतकी वर्षं बिचारे माझ्या नावावर रडतायत. बोलू नकोस हं त्यांना.”

मी तिला एकेक शेवट सांगत गेले, ती मान हलवत गेली. एकही खरा नव्हता. आणि मग मला त्याचं कालचं बोलणं आठवलं. सिनेमांचं सोडा — तो महिना?

मी वर गेले. खोलीत अर्धवट भरलेलं खोकं होतं.

“बोट जाते,” मी म्हणाले. “तो उडी मारत नाही.”

त्यानं हातातली पुस्तकं खाली ठेवली. “आईंनी सांगितलं?”

“सगळेच खोटे?”

“पहिल्या दिवशी तू इतक्या आशेनं विचारलंस... खरं सांगवेना. मग दर रविवारी नवा जुळवावा लागला. कामातसुद्धा घेत नाही इतके कष्ट घेतलेत.”

मला हसू येत होतं, आणि येतंय म्हणून संताप. “आणि महिना? तोही जुळवलास?”

त्यानं खोक्याचं झाकण मिटलं. बाहेर पाऊस पन्हळीतून धो धो वाहत होता.

“वर्षाचं काम आहे,” तो शेवटी म्हणाला. “वाढेलही. ही जागा सोडतोय मी.”

डोळे भरून आले. तरी खोटं काही उरलं नाही, म्हणून बरंही वाटलं.

“अजून काय खरं आहे?”

“दांडी कधीच सैल नव्हती.”

“ते ठाऊक आहे. पुढे.”

“तू मला आवडतेस. फार. खाली तुमच्यात येऊन बसलो, की उठवत नाही. पण काम सोडता येत नाही, आणि वर्षानंतर काय, ते मलाच माहीत नाही. हे... हे गोड करून सांगायला जमत नाहीये.”

“नकोच करूस.” मी खोक्यावर बसले. “मलाही तू आवडतोस. तू निघशील तेव्हा मी स्टेशनवर येणार आणि धाय मोकलून रडणार. आधीच सांगते, मी बाबांवर गेलेय. पण वर्षभर वाट बघत बसणं मला जमायचं नाही. पहिली रजा मिळाली, की मी तिकडे येणार.”

त्यानं चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. “खरंच येशील?”

“गाडी कोणती, तेवढं खरं सांग.”

त्यानं सांगितलं. माझा हात हातात घेऊन, सावकाश, मधली सगळी स्टेशनंसुद्धा.