पाऊण तासाचं अंतर

लग्न झाल्यापासून नवऱ्याचे केस तीच कापायची. स्वतःचं सलून असताना त्यानं परक्या खुर्चीत बसावं, हे तिला खपलंच नसतं. दर रविवारी शटर अर्धं ओढून ती त्याला आरशासमोर बसवायची, मुळांना रंग लावायची, मानेवर सरळ रेघ काढायची. मंगळवारी तो सकाळच्या विमानानं दुसऱ्या शहरातल्या लिफ्ट तपासायला जायचा आणि संध्याकाळी घरी. अंतर साडेचारशे किलोमीटर, विमानाला लागायचा पाऊण तास. "दाढीला याहून जास्त वेळ लावतोस तू," ती चिडवायची.

एका मंगळवारी तो जेवायला बसला आणि वाढता वाढता तिची नजर त्याच्या मानेवर गेली. रेघ गोल होती. सफाईदार, मायेनं काढलेली, दुसऱ्या कुणाच्या हातची.

"केस कुणी कापले?"

"तूच की, परवा. तुझं आपलं काहीतरीच."

तिनं त्याचं डोकं दिव्याखाली धरलं. रविवारी रंगवलेल्या केसांच्या मुळाशी बोटभर पांढरं आलं होतं. तेवढं वाढायला दीड महिना तरी लागतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नुसतं दुसऱ्या बाईचं प्रकरण असतं तर तिनं त्या बाईच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण सकाळी गेलेला माणूस दीड महिना राहिला कुठं?

पुढच्या मंगळवारी तो उन्हानं रापून आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी जाड भिंगांचा चष्मा लावून. बोलायचा प्रेमानंच, पण मीठ कुठल्या डब्यात आहे ते विचारायचा. तिला रडू यायचं ते संतापानं. हा आपलं आयुष्य दुसरीकडेच खर्चत होता आणि उरलासुरला तेवढा तिच्याकडे परत येत होता.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती सोमवारी म्हणाली.

"कशाला? लांब आहे."

"पाऊण तास लांब?"

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

विमानात तिनं त्याचा हात गच्च धरला. ढग आले. नेहमीप्रमाणे त्याचा डोळा लागला. तिनं मात्र त्याच्यावरची नजर हलवली नाही. पाणी आलं, तिनं घेतलं नाही. काहीच घडलं नाही, आणि तिला स्वतःचीच लाज वाटू लागली.

चाकं जमिनीला टेकली. त्या धक्क्यानं क्षणभर ती खिडकीकडे वळली.

मुठीतला हात हलका लागला.

कातडी सैल होती. शिरा वर आलेल्या.

डोकं पांढरंशुभ्र.

त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि संकोचून हसला.

"अहो बाई, माझा हात सोडता का? घरचे न्यायला आलेत मला."