पांढऱ्या लेनवरची गाडी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस आहे. कुठे आवाज आला की मी आधी स्क्रू ढिला आहे का ते बघतो. भूतबित सगळ्यात शेवटी.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते. रविवारची दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, आणि जागा होती एका छापखान्याच्या वरचा हॉल.

त्या हॉलमध्ये स्लॉट कारचा ट्रॅक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कमरेच्या उंचीवर लाकडी रस्ता, त्यावर वेगवेगळ्या रंगांच्या लेन. प्रत्येक लेनच्या मधोमध एक खाच. गाडी तळहातावर मावेल एवढी. तिच्या पोटाखाली प्लास्टिकची जीभ असते, ती खाचेत बसते. ज्याची लेन, त्याचा कंट्रोलर. त्याचा घोडा दाबला की गाडी सुसाट सुटते. वळणावर जास्त दाबलं की उडते. म्हणून वळणावळणावर एकेक माणूस उभा करतात. त्याला म्हणतात मार्शल. उडालेली गाडी उचलायची आणि परत तिच्या खाचेत ठेवायची, एवढंच त्याचं काम.

पोरांचा खेळ वाटतो ना? मलाही वाटायचा.

माझा दादा मात्र चाळिशी उलटली तरी त्यात आकंठ बुडालेला. त्याचं खरं वेड चॅसी बनवण्याचं. चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा. पितळेच्या पट्ट्या आणि पोलादी तारा साच्यावर पिनांनी घट्ट धरायच्या, आणि एकेक सांधा डाख देऊन जोडायचा. मग काचेवर ठेवून तासन् तास निरखायचं. वहिनी म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा एवढं निरखून पाहिलं नव्हतं यांनी."

मागच्या वर्षी दादा गेला. जेवून जरा आडवा झाला, तो उठलाच नाही.

साच्यावर एक चॅसी अर्धी राहिली होती. उजवी बाजू जोडलेली, डावी नुसती पिनांत अडकवलेली.

वहिनीने त्या टेबलाला कुणाला हात लावू दिला नाही. ती दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या आणि दातांच्या तारा बनवते. कामावर जायची, यायची आणि त्या टेबलासमोर बसायची. जेवणाचं नाव नाही. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

आई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक गेला. दुसरी डोळ्यांदेखत चाललीये. तू काहीतरी कर रे."

मी काय करणार होतो? पण एके दिवशी वहिनीनेच हाक मारली.

"भावोजी, ही डावी बाजू मी जोडते. तार वाकवणं, डाख देणं, माझं रोजचंच आहे. ट्रॅकवर एकदा पळवू. मग टेबल आवरून टाकू."

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, हिने मनावर घेतलं.

तिने जोडली. सांधे सुरेख आले होते. फक्त एक चूक झाली. चॅसी गरम असतानाच तिने साच्यावरून काढली. थंड होताना सांगाडा केसभर पिळला गेला. काचेवर ठेवली की पुढचं एक चाक अधांतरी राहायचं. दादाने ती वितळवून पहिल्यापासून जोडली असती.

"पळू दे तशीच," वहिनी म्हणाली. "त्यांचा हात मी कुठून आणू?"

हॉलची किल्ली पेंटरकाकांकडे असते. क्लब सुरू झाल्यापासून तेच बघतात सगळं. त्यांनी कुलूप उघडून दिलं आणि खाली पेपर वाचत बसले. वर आम्ही दोघंच.

दादाची लेन पांढरी. त्याचा कंट्रोलर अजून तिथेच खुंटीला लटकत होता. काढायची हिंमत क्लबमध्ये कुणाला झाली नव्हती. वहिनीने तिकडे पाहिलंही नाही. लाल लेनला गाडी लावली आणि घोडा दाबला.

गाडी छान गेली. समोरच्या टोकाला ट्रॅक स्वतःच्याच पुलाखालून जातो आणि तिथेच वळतो. आम्ही उभे होतो तिथून ते वळण दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

खट्...

"उडाली," मी म्हटलं आणि आणायला गेलो.

गाडी खाचेत होती. सरळ. तोंड पुढे.

"नसेल उडाली," वहिनी म्हणाली.

उडून परत खाचेत पडली असेल, असं स्वतःला सांगितलं. कधीमधी होतं तसं.

दुसऱ्यांदा सोडली. पुलाखाली गेली...

खट्.

मग काहीच नाही...

मग, टक्.

दादाच्या हट्टापायी मीसुद्धा मार्शल म्हणून उभा राहिलोय. तो आवाज मला ओळखू येतो. कुणीतरी गाडीची जीभ खाचेत बसवली की तसा आवाज येतो.

मी धावत गेलो. गाडी खाचेत. पुलाखाली वाकून पाहिलं, हात घालून पाहिलं. लाकूड आणि धूळ. तिथे मांजरसुद्धा बसू शकलं नसतं.

"मी इथेच थांबतो," मी म्हटलं. "तू सोड."

मी उभा होतो तोवर गाडी एकदाही उडाली नाही. मी परत वहिनीजवळ आलो, आणि...

खट्.

टक्.

वहिनीने घोडा दाबला. गाडी येईना. तिने परत दाबला. मी वायर तपासली, ठीक होती. मग जाऊन पाहिलं.

गाडी पांढऱ्या लेनवर होती.

माझी पाचावर धारण बसली. वहिनीला मात्र काही सांगावं लागलं नाही. तिने हातातला कंट्रोलर हळूच खाली ठेवला.

"हे आहेत," ती म्हणाली.

आणि गाडी सुरू झाली.

मी खुंटीकडे पाहिलं. दादाचा कंट्रोलर लटकत होता. आसपास कुणी नाही. त्याचा घोडा मात्र... आत जात होता. बाहेर येत होता. परत आत जात होता.

गाडी फेऱ्या मारत राहिली. तीच पिळलेली चॅसी, पण आता उडत नव्हती. वहिनी रडत होती आणि हसत होती. कित्येक महिन्यांनी मी तिचे दात पाहिले. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही भरून आलं. भीती होतीच, पण मनात म्हटलं, दादा, आलास का रे.

मग ती पुलाकडे निघाली.

"वहिनी, नको."

तिने ऐकलं नाही. वाकली, आणि पांढऱ्या लेनवर तळहात उताणा ठेवला.

"अहो, मी आहे," ती म्हणाली.

गाडी तेव्हा समोरच्या सरळ रस्त्यावर होती. मी खुंटीकडे पाहत होतो. आता घोडा सुटेल, मला वाटलं. आता गाडी थांबेल...

घोडा पूर्ण आत गेला.

पितळेची कड सरळ तिच्या बोटावर बसली. रक्त आलं. गाडी जागच्या जागी थांबली, आणि घोडा सावकाश बाहेर आला.

मी रुमाल गुंडाळला. तिने हात शांतपणे पुढे धरला होता.

"लागलं नाही हो फार," ती म्हणाली. "त्यांनी हात लावला मला, भावोजी."

त्या दिवशी वहिनी पोटभर जेवली. परत मागून घेतलं. आईने स्वयंपाकघरात माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "तू वाचवलंस रे तिला."

मी कसं सांगू तिला?

दादाबद्दल अख्ख्या क्लबला एक गोष्ट ठाऊक होती. ट्रॅकवर कुणाचाही हात दिसला की त्याचं बोट घोड्यावरून सुटायचं. एकदा तो जिंकत होता, शेवटची फेरी होती. मार्शलचा हात भलत्याच लेनवर होता, तरी हा थांबला आणि हरला. लोक हसले. तो म्हणाला, "गाडी मी नवी जोडेन. बोट कोण जोडणार?" प्रत्येक चॅसीची पुढची कड तो कानशीने घासून गोल करायचा, त्या मार्शल लोकांसाठी.

त्या दुपारी ज्याच्या हातात कंट्रोलर होता, त्याला वहिनीचा हात दिसला होता.

दिसला, आणि त्याने दाबलं.

मी पेंटरकाकांना आडून आडून विचारलं. त्यांनी पेपरची घडी घातली.

"पुलाखालचं वळण ना? तुझा दादा तिथे दुसऱ्या कुणाला उभं राहू द्यायचा नाही. स्वतःच राहायचा. का, ते कधी बोलला नाही."

दादाचा कंट्रोलर मी काढून आणला आणि माझ्या हत्यारांच्या पेटीत कुलपात ठेवला. पुढच्या रविवारी वहिनी परत गेली. मीही गेलो.

खुंटी रिकामी होती. गाडी तरीही पळाली.

आता ती दर रविवारी जाते. बोटांना पट्ट्या असतात. लॅबमध्ये विचारलं तर तार लागली म्हणते. पण जेवते. अंगाने भरलीये. काम करताना गुणगुणते. घरात सगळे खूश आहेत, आणि खरं सांगून मी तिला परत त्या टेबलासमोर उपाशी बसवू का? सांगा ना.

तिने दुसरी चॅसी बनवायला घेतलीये. या वेळी साच्यावर पूर्ण थंड होऊ दिली. काचेवर चारही चाकं टेकतात. पितळेची पट्टी जाड आहे, आणि पुढच्या बाजूला बोटभर बाहेर काढलीये.

"वहिनी, कड गोल करायची राहिली," मी म्हटलं. "दे, मी घासतो."

"राहू द्या. त्यांना अशीच हवीये."

"तुला कसं कळलं?"

"विचारलं मी." जणू मीच वेडा आहे असं तिने माझ्याकडे पाहिलं. मग जरा संकोचून म्हणाली, "भावोजी, या रविवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल. तुम्ही असलात की त्यांना मोकळं वाटत नाही."

आज शनिवार आहे. हे लिहितोय तेव्हा पलीकडच्या खोलीतून कानशीचा आवाज येतोय. कड गोल करताना कानस कशी वाजते ते मी दादामुळे आयुष्यभर ऐकलंय.

हा आवाज तसा नाही.

ती धार लावतेय.