पोटावरचा हात

दिवा जरा जवळ ओढा आणि मधे बोलू नका. माझ्याकडे श्वास मोजका, तुमच्या शंकांवर उडवायला नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. आजार नसांचा. नाव इंग्रजी, माझ्या सातवीला न पेलणारं. अंगातले स्नायू एकेक करून संपावर जातात. पाय गेले, हात निघालेत, आता श्वासाची पाळी. हा संप लांबवायला व्यायामवाल्या बाई आहेत. मी त्यांना फौजदार म्हणतो. घट्ट झडपेच्या नळीतून हवा ओढायची, मग आडवं पडून पोटाने त्यांचा तळहात वर ढकलायचा.

"आजोबा, आज श्वासाचा काटा खाली आला, तर बोलणं कमी करायचं हं."

"म्हणजे हिची चैन!" मी बायकोकडे बघून म्हणालो. पण आतून टरकलो होतो. थट्टा गेली तर माझ्यात उरतं काय? थट्टेलाही वारा लागतो.

बायको बाहेर बाकावर जाऊन बसली, मी डोळे मिटून पडलो. स्पिरिटचा वास. पंखा कुरकुरत थांबला. पोटावर तळहात टेकला... गार. मी ढकललं. तो जड होत गेला, मीही हट्टाला पेटलो.

"फौजदार, सकाळी हत्ती खाल्लात काय?"

दाराबाहेरून आवाज आला, "आजोबा, आलेच... हात धुतेय. मग सुरू करू."

हात पोटावरच होता. डोळे उघडायची छाती होईना. मग तो सावकाश उचलला गेला.

बाईंनी काटा पाहिला आणि टाळीच वाजवली. "जागेवर आहे!" या आजारात जागेवर राहणं म्हणजे डोंगर चढणं. श्रेय त्यांनी घेतलं. घेऊ दे बिचारीला.

तेव्हापासून तो हात घरीही येतो. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "मेल्यावर तरी थापा सोडाल का?"

काल संध्याकाळी ती उशाशी बसली होती, दिवसभर मला उठवून-बसवून पार पिळून निघालेली. मी डोळे मिटले. हात आला. मी ढकलू लागलो. तिची भुणभुण एकदम थांबली.

"अहो... तुमच्या पोटावर हात आहे?"

"आहे की. घाबरलीस?"

"एकच ना?"

"एकच. का गं?"

ती अगदी हळू म्हणाली,

"दुसरा माझ्या खांद्यावर आहे... थोपटतोय."