आज नाही

जनावरांच्या दवाखान्यात ती शिरली तेव्हा एका हातात मांजराची टोपली होती, दुसऱ्या हातात पोपटाचा पिंजरा आणि कुत्र्याचा पट्टा कमरेला बांधलेला.

तरुण डॉक्टरने चष्म्यावरून पाहिलं. "तिन्ही तुमची?"

"एकही नाही. मांजर मावशीचं, पोपट शेजारच्या काकांचा आणि कुत्रा... कुणाचा ते विचारायचंच राहिलं."

ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. म्हणजे, वेळ उरला तर. कुणी काहीही सांगितलं की तिच्या तोंडून 'हो' निघून जायचं. नव्या पुस्तकाची चित्रं रखडली होती आणि प्रकाशक आता ते काम दुसऱ्याला द्यायला निघाले होते.

मांजर ठणठणीत झालं, तरी डॉक्टर त्याला तपासायला बोलवत राहिला. एकदा मांजराचा कान बघता बघता तो हळूच म्हणाला, "तुम्ही मला आवडता... लग्न कराल माझ्याशी?"

"हो."

त्याचा चेहरा पडला. "काल तुम्ही आमच्या कंपाउंडरलाही हो म्हणालात."

"त्यांना स्वेटर विणून हवा होता."

"विणता येतो?"

"नाही... शिकणार होते."

"मग हा होकार खरा, हे मी कसं ओळखायचं?"

ती रागावून घरी गेली. राग आला, कारण त्याचं खरं होतं.

रविवारी मावशीचा फोन आला. मांजर आठवडाभर सांभाळायचं होतं.

"नाही जमणार, मावशी. चित्रं पुरी करायचीत."

"तुला बरं नाहीये का गं?"

"बरी आहे."

"बरं, मग काकांना विचारते." एवढंच. ती फोनकडे बघतच राहिली.

तेवढ्यात डॉक्टरचा फोन. "संध्याकाळी नदीवर फिरायला येता?"

जावंसं फार वाटलं, पण समोर चार चित्रं अर्धी पडली होती.

"आज नाही."

"...नक्की?"

"नक्की. हसताय का?"

"आनंद झालाय. थोडं वाईटही वाटलंय."

चित्रं पोचती केली आणि ती थेट दवाखान्यात गेली. त्याने तिच्या मागे वाकून पाहिलं. "आज कोण आजारी?"

"कुणी नाही. माझ्याच कामासाठी आलेय. लग्न कराल माझ्याशी? – थांबा, लगेच हो म्हणू नका. विचार करून सांगा."

"विचार पहिल्याच दिवशी झालाय," तो म्हणाला. त्याने साबणाने हात स्वच्छ धुतले, पुसले आणि मग तिचा हात हातात घेतला.