कांद्याच्या काट्यावरची जोड

“डाव्या हातानं जेवतोस? हेच शिकवलंय का मी?” म्हणत शालननं हात उगारला, आणि मार चुकवायला भिमानं उजवा खांदा उचलला मात्र, त्याच्या तोंडून असा बारीक, कोंडलेला आवाज निघाला की तिचा हात वरच्या वर राहिला.

तिनं सदरा बाजूला केला. गळ्याखालचं हाड सुजून काळंनिळं पडलं होतं. परवाच्या जत्रेपासून पोरगं हे सदऱ्याखाली झाकून घरभर हिंडत होतं, आणि आपण, त्याची आई, त्याला डाव्या हातावरून रागावत होतो… तिचं अंतःकरण पिळवटून निघालं.

“सांगितलं का न्हाईस रं?”

“आबा म्हनलं असतं, रडकं हाय.”

आबा म्हणजे तिचे सासरे उद्धवराव, चाकणकडच्या त्या पाच-पंचवीस गावांत मानलेले तालमीचे वस्ताद. शेजारच्या गावच्या जत्रेत त्यांनीच नऊ वर्षांच्या भिमाची जोड मिसरूड फुटलेल्या हिंदुरावाशी लावली होती, कारण वस्तादाच्या नातवाला बरोबरीचा गडी देणं म्हणजे घराण्याचा अपमान! आणि तीच जोड पुन्हा आपल्या गावच्या जत्रेत लावायचा शब्दही ते देऊन आले होते. जत्रा पुढच्या आठवड्यावर आली होती.

संध्याकाळी ज्योतीराम, तिचा नवरा, पिंपरीच्या नव्या कारखान्यातून सायकल हाणत घरी आला. तिनं त्याला खांदा दाखवला.

“मामंजींना सांगा. आज सांगा.”

“सांगतो की.”

तो बापापुढं जाऊन बसला, शिफ्टबद्दल बोलला, ओव्हरटाइमबद्दल बोलला, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलला आणि उठून आला. शालनला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. कुस्तीच्या मैदानात हाच माणूस सगळ्यांत मोठ्यानं ‘दाब त्याला, चिरड’ म्हणून ओरडायचा, आणि घरात त्याच्या तोंडाला कुलूप!

शेवटी तीच बाहेर आली. लग्नानंतर सासऱ्यांसमोर उभं राहून ती कधी बोलली नव्हती. पदर सावरला, पण आवाज सावरेना.

“मामंजी, भिमाचं हाड मोडलंय. तो या जत्रेत खेळणार न्हाई.”

उद्धवराव तिच्याकडं न बघता म्हणाले, “दिलेली जोड मोडायची म्हंजी मिशी उतरवायची, सूनबाई. या घरात हाड मोडलं न्हाई असा पुरुष झाला न्हाई. हाड सांधतंय.”

“कुठं सांधतंय?”

आवाज सुभद्राबाईंचा होता. सासूबाई कोपऱ्यात डाळ निवडत होत्या. मान वर न करता त्या बोलत राहिल्या. “लगीन झाल्यापासनं रोज पहाटं दार लावून तुमचा फेटा मी बांधते. हात डोक्यापतुर जात न्हाई तुमचा. गाव म्हणतंय, वस्तादाचा फेटा कसा झोकदार! माझी बोटं हायत ती. मी कधी बोलले न्हाई. आता भिमाच्या बायकूनं बी दार लावून हेच करायचं का?”

उद्धवरावांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. ते उठले, जोडा पायात घातला आणि अंधार पडत असताना बाहेर चालते झाले. जिला आजवर आपण दगड समजत आलो, त्या बाईनं एवढं ओझं एकटीनं वाहिलं… शालनला हुंदका आवरेना.

“रडू नगं,” सुभद्राबाई खेकसल्या. “आधी हाडवैद्याला बोलव. पोराचं हाड मोडलंय आन घरात भाषणं चाललीत.”

दुसऱ्या दिवशी उद्धवराव स्वतः हिंदुरावाच्या गावी जाऊन जोड मोडून आले. चावडीवर टवाळ्यांनी विचारलं, “वस्ताद, मिशी जागेवर हाय न्हवं?” विहिरीवर बायका शालनला ऐकू जाईल असं बोलल्या, “सुनंनं सासऱ्याची उतरवली.” तिनं तेही गिळलं. सोसवेना ते एवढंच, की सासरे तिच्याशी बोलेनासे झाले. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगायचे. भिमाचा हात बरा झाला, आजा-नातू संध्याकाळी मळ्याकडं जाऊ लागले, आणि काय करता म्हणून विचारलं तर दोघंही गप्प! पोराचं हाड वाचवून आपण घराचं मन मोडलं की काय, या विचारानं ती वर्षभर आतल्या आत झुरत राहिली.

पुढच्या चैत्रात जत्रेच्या दिवशी चाकणच्या बाजारातून बैलगाडीवर लादून कांद्याची पोती तोलायचा काटा आला, आणि मैदानाच्या कडेच्या लिंबाला टांगला गेला. मागोमाग त्याचे मालक कादरभाई.

“आधी पोरं काट्यावर,” उद्धवराव म्हणाले, “मग जोडी.”

“वस्ताद, पोरं इकताय व्हय?” कादरभाई हसले.

“कांदा सुदीक लहान-मोठा निवडून पोत्यात भरता तुमी. पोरंच तेवढी कशीबी भरायची?”

कादरभाईंनी पहिल्या पोराला पारड्यात बसवत गंभीरपणे विचारलं, “पैलवान, ओला माल का सुका?” आणि मैदान हसलं. वजन उतरवायला एका बापानं पोराला उपाशी आणलं होतं. वस्तादांनी त्या पोराला आधी भाकरी खायला बसवलं.

बायकांच्या घोळक्यातून शालन बघत होती. भिमाची जोड लागली ती कादरभाईंच्या पोराशी, रहिमानशी, पारडं अगदी समान. कुस्ती सुरू झाली न झाली तोच ओळखीचा आवाज आला, “चिरड त्याला, भिमा!”

उद्धवरावांनी कुस्ती थांबवली. “ज्योतीराम, बाहेर हो.”

“आबा, मी तर नुसतं…”

“एवढी खाज असंल तर लंगोट लावून ये. पोरांच्या कुस्तीत बापानं तोंड उघडायचं न्हाई.”

शालन घरी आली तेव्हा ज्योतीराम तोंड फुगवून ओट्यावर आडवा पसरला होता. “चारचौघांत बापानं हाकललं. समदं तुझ्यामुळं.” कारखान्यात जाणारा, दहा वर्षांच्या पोराचा बाप! ती चुलीशी बसली.

थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दाराशी सावली थांबली.

“सूनबाई.”

तिच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. वर्षानं हाक आली होती…

“भिमा पडला. पन मान वळवून पडला, खांदा आत घेऊन. वर्षभर मळ्यात तेवढंच शिकवलं म्या त्याला. पडायचं कसं.” त्यांनी आपला वर न जाणारा हात चाचपला. “मला ते कुनी शिकवलं न्हवतं.”

ती डोळ्यांतलं पाणी पिठाच्या हातानं पुसायला गेली आणि गालभर पीठ माखून बसली.

तेवढ्यात भिमा आला. लाल मातीनं माखलेला, गालात रेवड्या, आणि हाताला धरून रहिमानला ओढत.

“आये, ह्यानं मला पाडलं. ह्यो आपल्यात जेवणार हाय.”

“पाडलं तर हसतोस काय मेल्या? आधी पाय धुवा दोघंबी,” ती चिडूनच म्हणाली, आणि तिनं परातीत आणखी पीठ घेतलं.

बाहेरून उद्धवरावांचा आवाज आला, “ज्योतीराम, सरक की जरा. पैलवान बसू देत.”

ज्योतीराम धुसफुसत सरकला.