चाळीस सेकंदांची बादली

तलाव काठोकाठ भरलेला राहिला असता, तर रविवारच्या शर्यतीत नौकावाल्याच्या सगळ्या होड्या पाण्यात उतरल्या असत्या. तलाव समितीच्या अध्यक्षांचा फोटो पेपरात आला असता. पर्यवेक्षकाने दोन वर्षांपूर्वी केलेल्या दुरुस्तीकडे कुणी वाकड्या नजरेने बघितलं नसतं. थोडक्यात, पाणी चढण्यात ज्याचा त्याचा फायदाच होता. बांधाखालच्या साठ घरांना मात्र या हिशेबात कुणी धरलंच नव्हतं.

"आणि माझ्या बाबांनाही नाही," बांधाच्या राखणदाराची मुलगी म्हणाली.

ती वहिनींसमोर ताठ बसली होती. वहिनी तीस वर्षं वजन-मापं खात्यात निरीक्षक होत्या. निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे वजनाऐवजी भानगडी तपासायला आणू लागले. त्यांचे धाकटे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक, सोबत असायचे. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत आणि पिशवी धरायला देत.

"नीट सांग," वहिनी म्हणाल्या.

"मातीचा बांध थोडा पाझरतोच. तो पाझर पायथ्याच्या एका नळीतून बाहेर येतो. बाबा रोज सकाळी नळीखाली बादली धरतात. आतल्या लाल ओळीपर्यंत भरायला किती सेकंद लागले, ते वहीत लिहितात. कितीतरी वर्षं चाळीस. आजही चाळीस. पण बाबा म्हणतात, पाणी गढूळ येतंय. म्हणजे आतली माती वाहून चाललीय. समिती म्हणते, आकडा तोच आहे, तुमची नजर गेली. रविवारपासून घरी बसा. आणि त्याच दिवशी सांडव्यावर फळ्या लावून पाणी हातभर चढवणार."

"तुला काय वाटतं?"

"बाबा खोटं बोलत नाहीत. पण चाळीसचा आकडाही बाबांनीच लिहिलाय. मग खोटं बोलतंय कोण?"

"भाऊजी," वहिनी उठल्या, "माझी जुनी पिशवी घ्या."

शुक्रवार होता. मधे एकच दिवस होता.

राखणदार पायथ्याच्या खोलीबाहेर उभा होता. वहिनींनी आधी त्याचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून बघितलं. दोन्ही बरोबर. मग त्याने बादली नळीखाली धरली. ओळीला पाणी टेकलं तेव्हा नेमके चाळीस सेकंद झाले होते.

"झालं की समाधान," भाऊजी पुटपुटले.

राखणदाराने दोन्ही हातांनी बादली उचलली आणि बाजूच्या टोमॅटोच्या रोपांवर रिकामी केली. रोपं पिवळी पडली होती.

"रोग?" वहिनींनी विचारलं.

"मुळं कुजतायत. दरवर्षी एवढंच पाणी घालतो, रोज एक बादली. यंदाच काय झालं कोण जाणे." त्याने खांदा चोळला. "हाही वर्षभर धरलाय. बादली जड लागते. वय झालं ताई, समिती म्हणते ते सगळंच काही खोटं नाही."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही गप्प बसा बघू."

भाऊजींनी बादलीत डोकावलं. आतून राखाडी रंग, त्यावर एक झकास सरळ लाल ओळ. "किरमिजी," ते सवयीने म्हणाले. शेजारी एका पेल्यात सकाळचं पाणी निवळत ठेवलं होतं. तळाशी बोटभर गाळ.

"इथे येतं कोण?"

"समितीवाले वरूनच बघतात. नौकावाला वल्ही धुवायला येतो. दाराला कुलूप नसतंच. महिन्यातून एकदा पर्यवेक्षक येतात. मी वर टेपचं टोक धरून उभा, ते खाली."

नौकावाला होडीला रंग देत होता. "मला ठेका घेऊन दोन महिने झालेत, काकू. बांध फुटला तर होड्याही जातील आणि मीही. माझ्यावर कसला संशय?"

"हा लाल रंग कुणाकुणाला देता?"

"मागेल त्याला. या काकांनाही देईन, केसांना लावायला."

"शेंदरी आहे हा," भाऊजी फणकारले. "आणि केस माझे मला पुरेसे आहेत."

अध्यक्ष आपल्या कचेरीत गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवून बसले होते. "मी पायथ्याशी उतरलो तर मला क्रेनने वर काढावं लागेल. शर्यत गेल्या महिन्यात ठरली, आमंत्रणं गेली. राखणदार चांगला माणूस आहे हो, पण म्हातारचळ म्हणून काही असतं की नाही? तुम्ही मला आकडा दाखवा. चाळीसचा एकोणचाळीस झालेला दाखवा, मी शर्यत रद्द करतो."

पर्यवेक्षक सांडव्यापाशी पाणी मोजायच्या खांबावर आकडे रंगवत होता. शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती.

"बांध चाळीस वर्षांचा आहे, मान्य," तो म्हणाला. "पण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः आत सिमेंटचा गारा भरून घेतलाय. दहा वर्षं काही होणार नाही, असं माझ्या सहीचं पत्र आहे."

"आकडे तुम्हीच रंगवता?"

"दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही."

परतताना भाऊजी म्हणाले, "माणूस कोरडा, पण किरमिजी रंगात काय सुरेख सात काढलाय त्याने. माझ्या वर्गात एकालाही जमला नसता."

वहिनी थबकल्या. "पुन्हा म्हणा."

"सात सुरेख आहे."

"त्याच्या आधीचं."

शनिवारी सकाळी वहिनींनी सगळ्यांना पायथ्याच्या खोलीपाशी बोलावलं. अध्यक्षांना दोघांनी धरून आणलं. वहिनींनी पिशवीतून एक लिटरचं पितळी माप काढलं. तळाला सरकारी शिक्का होता.

"वहीच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय?"

"ओळीपर्यंत दहा लिटर," राखणदार म्हणाला.

"भाऊजी, मोजून ओता."

भाऊजींनी दहा मापं ओतली. पाणी ओळीच्या चांगलंच खाली राहिलं. अकरा, बारा, तेरा. पंधराव्या मापाला पाणी ओळीला टेकलं.

"सेकंद खरे होते," वहिनी म्हणाल्या. "खोटी होती ती बादली. चाळीस सेकंदांत दहा लिटर यायचे, आता पंधरा येतात. गळती दीडपट झालीय आणि येताना माती आणतेय. आपण सगळे सेकंदांकडे बघत बसलो. लिटर मोजायचे कुणाला सुचलं नाही. राखणदारांचा खांदा मात्र वर्षभर ओरडून सांगत होता, आणि टोमॅटोसुद्धा."

अध्यक्षांनी नौकावाल्याकडे बघितलं. "लाल रंग तर याच्याकडे..."

"याचा शेंदरी आहे, ओळ किरमिजी," वहिनी म्हणाल्या. "शिवाय हे बघा." त्यांनी बादली रिकामी करून नाण्याने ओळीखालचा राखाडी रंग खरवडला. खालून एक लाल ओळ निघाली, तिच्याखाली आणखी एक, अशा बारा. "ओळ दर महिन्याला वर सरकलीय, थोडी थोडी, वर्षभर. नौकावाला आला दोन महिन्यांपूर्वी, शर्यत ठरली महिन्यापूर्वी. शर्यतीसाठी ज्याला लबाडी करायची, तो वर्षभर आधी कशाला सुरुवात करेल? आणि अध्यक्षांचा गुडघा आपण आत्ताच पाहिला."

"पण ओळ नेमकी कुठे काढायची," त्या पुढे म्हणाल्या, "हे कळायला खरी गळती मोजावी लागते. ते ज्याला येतं, जो दर महिन्याला इथे खाली एकटा असतो, जो किरमिजी रंगाने स्वतः आकडे काढतो, आणि गळती वाढली की ज्याच्या सहीच्या पत्राची किंमत रद्दीइतकी होते, असा एकच माणूस आहे."

पर्यवेक्षकाने चष्मा काढून पुसला. "उन्हाळ्यात मी पुन्हा गारा भरणार होतो," तो हळू म्हणाला. "कुणाला न सांगता. तोवर आकडा स्थिर हवा होता. एवढंच."

"आणि उद्या हातभर पाणी चढवायला तुम्ही हो म्हणालात," मुलगी म्हणाली. "आमचं घर खालून तिसरं आहे."

अध्यक्ष राखणदाराकडे वळले. "तळाची झडप उघडा. पूर्ण."

"पूर्ण नाही," राखणदार म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. "चार फेरे, बास. भरभर उतरवलं तर ओला बांध आतून ढासळतो. आणि खालच्या घरांना आधी कळवा. मुली, तू जा."

ती धावत निघालीही होती.

तलाव उतरायला बारा दिवस लागले. नवव्या दिवशी बांधाच्या आतल्या उतारावर माणूस वाकून आत जाईल एवढं भगदाड उघडं पडलं. वहिनींनी भाऊजींना त्याचं चित्र काढायला लावलं आणि ते मोजमापांसकट वहीत चिकटवलं.

कुणी काय किंमत भरली, हे मग भाऊजींनी घरी बोटांवर मोजलं. पर्यवेक्षकाने नोकरी भरली, आणि पुढे कोर्टाची पायरी. अध्यक्षांनी खुर्ची. नौकावाल्याने काही न करता सगळा मोसम. तो चिखलात रुतलेल्या होड्यांवर बसून राखणदाराच्या मुलीशी हुज्जत घालत असे. खालच्या साठ घरांनी काहीच भरलं नाही.

"असं कसं," वहिनी म्हणाल्या. "रोज थोडे थोडे लिटर जास्तीचे, वर्षभर. त्यांच्या वाटचं त्या म्हाताऱ्याच्या खांद्याने भरलं."