चपलांची रांग

राजूरच्या आमच्या दवाखान्यातला राऊटर मी बसवला, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून तुम्ही मला घाबरट म्हणाल. आहेच मी. पण माझं काम पक्कं असतं.

त्या दुपारी खिडक्यांना धुकं चिकटलं होतं. आत बाळंतीण अश्विनीचं रक्त थांबेना. नगरच्या तज्ज्ञ डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवायचं, तर चित्र सारखं गोठायचं. ओसरीतल्या सगळ्यांचे मोबाईल त्याच इंटरनेटवर होते ना!

मी राऊटरच्या, कोपऱ्यातल्या खोलीबाहेर चपला काढल्या, आत जाऊन दोन नियम लिहिले. डॉक्टरांचा कॉल जाऊ द्यायचा. बाकी सगळं अडवायचं. राऊटर वरून खाली वाचतो, आधी जो नियम लागू पडेल तोच खरा. आणि घाईत मी ‘सगळं अडवा’ वर ठेवलं.

“भार्गवी, कॉलच तुटला गं!” आमचे डॉक्टर अवधूत अश्विनीच्या खाटेजवळून ओरडले.

राऊटरने मलाही बाहेर काढलं होतं. एकही बटण चालेना.

तेवढ्यात मशेरीचा वास आला. जळक्या तंबाखूचा, उग्र... अगदी कानाजवळ. मग फरशीवर चपला सरकवल्यासारखा आवाज. सर्र... सर्र...

मी माऊसला हातही लावला नव्हता. पडद्यावरची खालची ओळ, डॉक्टरांच्या कॉलची, सावकाश वर गेली.

“लागला! दिसतंय सगळं!” डॉक्टरांचा आवाज आला.

अश्विनी वाचली. “तुझ्यामुळे, भार्गवी,” डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. ओळी माझ्याच होत्या की!

वॉर्डबॉय बिभीषणमामा हसले. “पोरी, मनकर्णा शिस्टरची गादी चालवलीस! पेशंटं नंबराला चपला ठिवायची, अन् ती शिरेस मानसाच्या उचलून म्होरं लावायची. कुनाची बोलायची टाप न्हाई. जाऊन वरीस झालं तिला.”

“मामा... त्या मशेरी लावायच्या?”

“व्हय, लई! तुला कुनी सांगितलं?”

मी ताठ मानेने चपला घालायला कोपऱ्यातल्या खोलीशी गेले. तिथे नव्हत्या.

डॉक्टरांच्या दाराशी पेशंटच्या चपलांची रांग होती. सगळ्यांच्या पुढे, उंबऱ्याला लावून, माझ्या चपला.

“मामा, तुम्ही ठेवल्यात?”

“न्हाई गं...” ते चपलांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “तुला काय हुतंय का, पोरी?”

मला तर काहीच होत नव्हतं...